अर्धवट 'हं'चं प्रकरण

आपण गुप्तहेर आहोत हे गुप्त राहू नये, याची दाजी फार काळजी घेत. "चप्पल पाहून मी माणसाचं पूर्वायुष्य सांगतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. एकदा एका चपलेवरून त्यांनी 'आळशी, लबाड, बायकोला भिणारा' असा इसम अचूक ओळखला होता; चप्पल त्यांचीच निघाली. मेहुण्याने ही गोष्ट बहिणीच्या कानावर घातली नाही, म्हणून त्याला मदतनीसाचं पद मिळालं.

त्या सकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्याने दोघांना दुकानात बोलावून घेतलं. त्याची बायको कालपासून घरात नव्हती, फोन उचलत नव्हती. मशीनवर चिठ्ठी होती : 'तुम्ही हं म्हणालात, म्हणून जाते.' त्याचा चेहरा पाहून मेहुण्याला खरंच वाईट वाटलं.

दाजींनी चिठ्ठीला भिंग लावलं. "हा 'हं' अर्धवट आहे. पुढचं अक्षर लिहिताना कुणीतरी बाईंचा हात धरला."

"मग पुढचं सगळं वाक्य कुणी लिहिलं?" मेहुण्याने विचारलं.

"हात धरणाऱ्याने. शब्द होता हंडा. हंडा कुठे आहे?"

हंडा मोरीत सापडला. त्यात पाणी होतं. दाजींनी ते चाखून पाहिलं आणि विषाची शक्यता नाइलाजाने सोडली. मग त्याच 'हं'वरून त्यांनी हंटरवाला टोळीप्रमुख काढला.

शिंपी हतबल होऊन मोबाइलवर बोट फिरवत बसला.

कोपऱ्यात त्याची म्हातारी आई शर्टाची काजं करत होती. तिने दाताने दोरा तोडला. "परवा जेवताना ती याला म्हणाली, 'तुम्हाला माझी गरज नसेल तर भावाकडे जाऊन राहू का?' याचं डोकं त्या मोबाइलच्या डबड्यात. म्हणाला, 'हं.'"

"आई, मी ऐकलंच नाही गं."

"तेच तर म्हणते ती."

"आजी, हे आधी का नाही सांगितलंत?" दाजी चिडले.

"मला कुणी विचारलं?"

शिंप्याने मोबाइल कापडाच्या ढिगावर टाकला आणि गळ्यातल्या टेपसकट बायकोच्या भावाच्या घरची वाट धरली.

पाचच मिनिटांत मोबाइल वाजला. दाजींनी झडप घातली. "बोला, गुप्तहेर बोलतोय."

"यांना द्या जरा," शिंप्याची बायको म्हणाली.

"ते तुम्हालाच आणायला निघालेत."

"मग फोन तुमच्याकडे कसा?"

"इथेच टाकून गेलेत."

पलीकडे तिने नाक ओढलं. बाई काहीतरी लपवतेय, अशी दाजींनी खूण केली.

"बरं," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "चहाला आधण ठेवते मग."