एकतीस वर्षांचा पुरावा

"या कचेरीत प्लास्टिकचा एक तुकडा जरी सापडला, तर मिशी उतरवीन!" दप्तरीकाकांनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, आणि तिथूनच त्यांच्यामागे साडेसाती लागली.

काका म्हणजे तळघरातल्या रेकॉर्ड रूमचे राजे. निवृत्तीला वर्ष उरलेलं. तळघराला कायमची ओल, म्हणून कर्मचाऱ्यांच्या बाराशे फायली जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या. तेवढ्यात वरून हुकूम आला, प्लास्टिक बंद! त्याऐवजी मक्यापासून केलेल्या पिशव्या आल्या. खोक्यावरचा मजकूर काकांनीच खड्या आवाजात वाचला, "प्लास्टिकनं गटारं तुंबतात, मासे मरतात, त्याचे कण आपल्या रक्तात शिरतात. आमची पिशवी मात्र ओलाव्यात सहा महिन्यांत माती होते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटचं वाक्य कोणाच्याच डोक्यात शिरलं नाही, वाचणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

काका आठवडाभर राबले. स्वतःच्या सेवापुस्तकाला तर त्यांनी मायेनं दोन पिशव्या घातल्या.

सातव्या महिन्यात हेडक्लार्कबाईंनी एक फाईल मागवली. काकांनी पिशवीला हात लावला मात्र, तिचा भुगा झाला! आत काळा लगदा. दुसरी काढली, तीच गत. तिसरीतून उंदरांचं अख्खं कुटुंब बाहेर आलं, मक्यावर पोसलेलं, चांगलं गुटगुटीत! काका धावत आपल्या कप्प्याकडे गेले. दोन पिशव्या, त्यामुळे मातीही दुप्पट.

बाकीच्यांच्या नकला मुख्य कार्यालयात होत्या. नकला काढणं काकांचंच काम. स्वतःची तेवढी राहून गेली होती.

"तुम्ही इथे नोकरीला होतात याचा एखादा तरी कागद आणा," हेडक्लार्कबाई म्हणाल्या. "नाहीतर पेन्शन विसरा."

"अहो बाई, एकतीस वर्षं तुमच्यासमोर उभा आहे मी!"

"उभे काय, बरेच जण राहतात. कागद?"

घरी काकूंनी कपाळावर हात मारला. "मग एकतीस वर्षं माझा डबा कोणी खाल्ला?"

काकांना हसू आलं नाही. आपण खरंच रोज कामावर जात होतो ना, अशी त्यांची त्यांनाच शंका यायला लागली. फार वाईट दिवस होते ते.

शेवटी घरातल्या ट्रंकेच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, एक कागद सापडला. एकोणीस वर्षं काकूंपासून लपवलेला. कालच टाईप केल्यासारखा कोरा करकरीत! नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, सही, शिक्का, सगळं शाबूत.

"चालेल!" हेडक्लार्कबाईंनी तो नव्या फाईलला लावला. पेन्शन मंजूर झाली. काकांचा जीव भांड्यात पडला.

निरोप समारंभात सेवेचा तपशील फाईलमधून वाचून दाखवायची कचेरीची पद्धत होती. साहेब आठवड्यापूर्वीच बदलून आलेले, त्यांना काय ठाऊक! पहिल्या रांगेत काकू नवे कपडे घालून बसलेल्या. साहेबांनी फाईल उघडली, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"सदर कर्मचाऱ्यानं तेरा फायली ओलीत ठेवून खराब केल्या. रेकॉर्डची निगा राखण्यास हा इसम सर्वस्वी नालायक असून त्यास सक्त ताकीद देण्यात येत आहे."

साहेबांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी काकांच्या हातात पुष्पगुच्छ दिला.