बाळंतीण कोण?

“तू काय बाळंत झालीयेस?” दिगंबररावांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं.

वासंतीबाईंनी नुसता मालिशचा विषय काढला होता. पन्नाशी उलटल्यावर त्यांचा उजवा खांदा असा काही धरला होता की स्वतःची वेणीही घालता येईना. पण आपल्याकडे बाईच्या अंगाला तेल लागतं ते बाळंतपणात. नंतर तिने जन्मभर कोरडंच राहायचं असतं. स्वतः दिगंबरराव दर रविवारी सलूनमध्ये टकलावर चंपी करून घेत. तो म्हणे रक्ताभिसरणाचा प्रश्न होता.

बंगळुरूहून येऊन महिनाभर घरूनच काम करत असलेली त्यांची मुलगी स्पृहा म्हणाली, “आई, मी स्पा बुक करते ना!” परक्या ठिकाणी टॉवेल गुंडाळून पडायची कल्पना वासंतीबाईंना झेपेना. त्यांनी सरळ सुशीलाबाईंना बोलावलं. स्पृहा झाली तेव्हा त्यांनीच वासंतीबाईंना चोळून उभं केलं होतं.

अडचण एवढीच, की सुशीलाबाईंनी हयातभर फक्त बाळंतिणी चोळल्या होत्या. तेल झालं, कढत पाणी झालं, मग शेगडीवर ओवा-शेपाची धुरी झाली. शेवटी त्यांनी वासंतीबाईंचं पोटही करकचून बांधलं.

“अहो, खांदा दुखतोय माझा!”

“आसंना का. पोट सुटलेलं बरं दिसतं व्हय?”

त्या दुपारी वासंतीबाईंना कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. बिबवेवाडीतली त्यांची अख्खी सोसायटी मात्र जागी झाली. धुरीचा वास जिन्याने खाली उतरला होता, आणि वर बिनलग्नाची लेक महिनाभर घराबाहेर दिसली नव्हती.

तिसऱ्या मालिशनंतर खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. स्पृहासाठी आपल्या भाच्याचं स्थळ त्यांनीच सुचवलं होतं.

“लाडू रीत म्हणून आणलेत,” डबा टीपॉयवर ठेवत त्या म्हणाल्या. “भाच्याचं मात्र आपण आता विसरावं. मुलगा की मुलगी?”

आतल्या खोलीत स्पृहा कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. तिला आपल्या बाळंतपणाची कल्पनाच नव्हती. दिगंबररावांच्या हातातलं वर्तमानपत्र मात्र गळून पडलं. अब्रूचा प्रश्न होता. ते जिन्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, “अहो, मालिश हिची चाललीये! खांदा दुखतो हिचा! मीच म्हटलं हिला, घे करून! दर आठवड्याला घे!”

ते ‘दर आठवड्याला’ वासंतीबाईंनी नीट ऐकून ठेवलं.

मंदाकिनीबाईंचा चेहरा आणखीच पडला. “तुमची? पोरीचं एक वेळ समजून घेतलं असतं हो, हल्ली होतं असं. पण या वयात, भर दुपारी, नुसतं अंगाला बरं वाटावं म्हणून?” त्यांनी डबा परत उचलला आणि तरातरा दाराकडे निघाल्या.

दारात मात्र त्या थबकल्या. घाम पुसत दिगंबरराव पाणी प्यायला आत गेलेले बघून त्यांनी आवाज उतरवला.

“त्या बाई कमरेचंही करतात का हो?”

“कंबर, गुडघे, सगळंच करतात,” वासंतीबाई म्हणाल्या. “या ना गुरुवारी. पण घरी काय सांगाल?”

मंदाकिनीबाईंनी डबा पुन्हा टीपॉयवर ठेवला.

“सांगेन, बाळाला बघायला जाते.”