आधी बोर्ड, मंग धंदा

आमच्या काकूच्या न्हाणीघराच्या दारावर 'पासपोर्ट फोटो तत्काळ मिळतील' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. नवा पाहुणा आत जाताना जरा थबकतो आणि केसांवरून हात फिरवतो.

ही कृपा काकूच्या मुलाची, म्हणजे माझ्या संतूदादाची. आयटीआय झाल्यापासून त्याने कितीतरी धंदे बदलले, पण पद्धत बदलली नाही. भांडवल नंतर, जागा त्याहून नंतर; सगळ्यात आधी पत्र्याचा बोर्ड रंगवून आणायचा. डेअरीचा बोर्ड लागला तेव्हा घरात म्हैस नव्हती.

"अरे, लोक दूध मागायला येऊन राह्यले, काय देऊ त्याहिला?" काकू ओरडली.

"उद्या या म्हण. म्हैस पाहूनच राह्यलो."

त्याचं म्हणणं असं, की बोर्ड लावला की माघार घ्यायची लाज वाटते, आणि लाज वाटली की काम बराबर होतं. डेअरी बुडाली, स्टुडिओ बुडाला. बोर्डांचे पत्रे घरात कामी आले; स्टुडिओचा न्हाणीघराचं दार झाला. शेवटी पंपांच्या जळालेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं मात्र जमलं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. जो भेटेल तो "मंग, आता पुढं काय?" विचारायचा, म्हणून मी दारात जाणंच सोडलं होतं. दादाने मला न विचारता ओसरीवर बोर्ड ठोकला, 'सविता मॅडम यांचे गणित वर्ग'.

"दादा, मला शिकवता येत न्हाई!"

"बोर्डाला कुठं माहीत हाय?"

आठवड्यात ओसरी पोरांनी भरली. आज मी शाळेत शिकवते, ते त्या ओसरीमुळेच.

दादाच्या लग्नाचं मात्र जमत नव्हतं. "मुलाचं काही पक्कं न्हाई," म्हणून नकार यायचे. मागच्या उन्हाळ्यात राजूरकडचं स्थळ आलं. आम्ही ज्योतीला बघायला गेलो, आणि तिचे वडील चहाआधीच राजी झाले. काकूचे डोळे भरून आले. दादा आणि ज्योती बोलायला गच्चीवर गेले, सोबतीला मी.

दादाने म्हशीचा किस्सा सांगितला. ज्योती खळखळून हसली. मग हसू आवरून म्हणाली,

"तुमच्यात खोट न्हाई हो. पण माझं नर्सिंगचं एक वर्ष राह्यलंय. मला आत्ता लग्नच नको. मी नकार दिला तर बाबा कॉलेज बंद करतील."

दादा जरा वेळ कठड्याला धरून उभा राहिला. मग खाली येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "आपल्याकडून नकार हाय."

"कारण तर सांगशील?" काकू म्हणाली.

"न्हाई पटलं. बस."

"इतके धंदे बुडवलेला तू, अन् तुला आमची पोरगी पटत न्हाई?" तिचे वडील कडाडले. दादाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

परतताना मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले होते.  गावाबाहेर पडल्यावर तो मागे न बघता म्हणाला, "सवे, पण मी तिला आवडलो व्हतो ना? थोडा?"

"हो दादा. नक्कीच."

 तो गाडी इतकी हळू चालवू लागला, की मागून आलेला कडब्याचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून पुढे गेला.