जाधव बाईंची पाच उद्दिष्टे

आमच्या शेजारच्या जाधव बाई चूक झाली की वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा देत. मुलांना नव्हे; स्वतःला. फळ्यावर बेरीज चुकली की खडू खाली ठेवून त्या व्हरांड्यात जात, भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटे उभ्या राहत आणि परत येऊन पुढचे गणित घालत. चौथीपर्यंतच्या त्या शाळेतील मुलांना याचे काहीच वाटत नसे. मला वाटे. सारे आयुष्य दिवाणी न्यायालयात काढून शिरस्तेदार म्हणून सेवानिवृत्त झालेल्या माणसाला, ज्या प्रकरणात फिर्यादी, न्यायाधीश आणि दोषी एकच व्यक्ती आहे, ते सहन होणे शक्य नाही. मी त्यांना तसे लेखी कळवले. उत्तर दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून तोंडी आले.

"शिरस्तेदार, तुमच्या कोर्टात तारीख पडते. माझ्याकडे निकाल लगेच."

बाईंची दुसरी खोड टाचणाची. उद्याच्या पाठाचा हेतू, साहित्य, पूर्वज्ञान इत्यादी वहीत लिहिणे हे प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि बहुतेक जण ते गेल्या वर्षीच्या वहीवरून पार पाडतात. बाई घरकामाचेही टाचण काढतात. 'पाठ : फणस फोडणे. साहित्य : विळी, खोबरेल. पूर्वज्ञान : गेल्या वर्षी हात चिकटले' ही नोंद मी स्वतः वाचली आहे. त्यांनी लग्न केले नाही, त्याचेही टाचण असावे. ते मागण्याचा मला अधिकार नाही.

नवे शतक लागून दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा शाळेला एक संगणक मिळाला. हेडसरांनी त्याची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद केली, त्याला जुन्या चादरीचा अभ्रा घातला आणि तो कपाटात कुलूपबंद केला. ज्या वस्तूला कोणी हात लावला नाही ती कोणी मोडली असे म्हणता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद कायद्याने निर्दोष होता, आणि म्हणूनच मला त्याचा अधिक संताप आला. मुलांना खोक्यावरचे चित्र दाखवण्यात आले.

मग परिपत्रक आले. ज्या शाळेत शिक्षक संगणकावर पाठ घेऊ शकत नाहीत, तेथील यंत्र तालुक्याच्या मोठ्या शाळेत हलवले जाईल. माघात विस्तार अधिकारी पाहणीस येतील. हेडसरांना सुटल्यासारखे झाले. बाईंनी वही उघडली.

ते पान माझ्या संग्रही आहे. 'विद्यार्थिनी : मी स्वतः. वय : त्रेपन्न. पूर्वज्ञान : भीती.' त्याखाली पाच उद्दिष्टे. एक, संगणक न घाबरता सुरू करता येणे. दोन, वायर न उपटता बंद करता येणे. तीन, माउस उचलून न धरता फिरवता येणे. चार, चित्रे काढून दुसरीच्या वर्गाला बेरीज शिकवता येणे. पाच, हे सर्व मुलांच्या हाती देऊन आपण बाजूला होता येणे. शेवटच्या उद्दिष्टापुढे त्यांनी कंसात 'कठीण' असे लिहिले होते.

वाडीत बोटांनी कळा दाबण्याची सवय फक्त मला आहे. माझ्याकडे मराठी टंकलेखन यंत्र आहे आणि लिहिण्यासारखे बरेच आहे. बाई रोज संध्याकाळी पाच वाजता येऊ लागल्या. मी सुरुवातीलाच स्पष्ट केले, की माझ्या यंत्रावरील अक्षरांची मांडणी निराळी आहे.

"अक्षरांचं मागाहून बघू. आधी बोटांची भीती जाऊ दे."

सरावासाठी मी त्यांना माझे अर्ज दिले. पहिला अर्ज एसटीच्या थांब्याचा पत्रा उडून गेल्याबाबत होता. बाईंनी तो टंकित केला, नंतर लाल शाई मागितली आणि समासात लिहिले, 'राग पोहोचतो, मागणी पोहोचत नाही. दहापैकी चार.'

"बाई, हा कायदेशीर दस्तऐवज आहे!"

"म्हणून चार दिले. निबंध असता तर दोन."

अर्ज मी पुन्हा लिहिला. पत्रा बसला. हा केवळ योगायोग होता असे माझे आजही मत आहे.

कपाटाची किल्ली मात्र हेडसर देईनात. मी सलग तीन पत्रे धाडली. तिसऱ्यात, वापरास दिलेली वस्तू वापरू न देणे हाच तिचा दुरुपयोग होय, असा मुद्दा मांडला. हेडसर किल्ली घेऊन आले खरे, पण घामाघूम झाले होते.

"बाई, मोडला तर?"

"मोडला तर मी बाहेर उभी राहीन."

"किती वेळ?"

"रिटायर होईपर्यंत."

कपाट उघडले, आणि बाई मुलांना घेऊन रोज संगणकावर सराव करू लागल्या. पाहणीच्या दिवशी ग्राम शिक्षण समितीचा सदस्य या नात्याने मी हजर होतो. विस्तार अधिकारी खुर्चीत बसले. बाईंनी संगणक सुरू केला, हात पाठीमागे बांधले आणि दुसरीतल्या सुगंधाला पुढे बोलावले. ही मुलगी हजेरीलाही नुसती मान हलवत असे. तिने पडद्यावर पाच बांगडे काढले, पलीकडे तीन काढले, आणि आठचा आकडा काढता काढता तिच्या हातून भलतेच काहीतरी दाबले गेले. सगळे बांगडे नाहीसे झाले.

"माज्या हातना चुकला," सुगंधा म्हणाली. ती उठली, व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हिला कोणी शिक्षा केली?" साहेबांनी विचारले.

बाईंचा चेहरा मी गेली वीस वर्षे पाहत आलो आहे. असा पाहिला नव्हता. त्या बाहेर गेल्या, त्या पोरीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगो, ते माझं चुकलं. मी तुला चुकीचं शिकवलं. चूक झाली की बाहेर नाही जायचं. तिथंच बसायचं नि परत करायचं."

"आणि तुमी?"

"मीसुद्धा."

सुगंधा परत येऊन बसली. या वेळी तिने बांगडे मोठे काढले. नंतर अख्खा वर्ग संगणकाभोवती गोळा झाला. बाई पाठीमागून दोनदा काहीतरी बोलल्या. एकाही मुलाने मान वळवली नाही. साहेबांनी शेऱ्यात लिहिले, 'यंत्र येथेच ठेवावे.'

पाचही उद्दिष्टे साध्य झाली होती, त्यामुळे शिकवणीचे प्रयोजन संपले होते. दुसऱ्या दिवशी मी टंकलेखन यंत्रावर झाकण घातले. पाच वाजता बाई आल्या, त्यांनी झाकण काढले आणि पाणीपुरवठ्याबाबतचा माझा अर्ज टंकित करायला घेतला. पहिल्या ओळीतच त्यांनी सात चुका केल्या. गेला महिनाभर त्यांची एकही चूक झाली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिले. त्या कागदाकडे पाहत होत्या, आणि खुर्चीवरून उठल्या नाहीत.

न्यायालयात एका काना-मात्रेसाठी मी अख्खे पान परत करीत असे. पण त्या दिवशी म्हणालो, "बाई, अजून पुष्कळ सराव हवा."

"हो ना," बाई म्हणाल्या. "निदान पावसापर्यंत तरी."

मी नवा कागद चढवला, आणि मूळ अर्जात आणखी चार मुद्दे घातले.