चौसष्ट शिव्या

बदकांच्या सिनेमात चौसष्ट शिव्या आहेत, अशी लाल पाटी बुधवारी सकाळी थिएटरच्या दारावर लागली. थिएटरचा मालक डेल्मर क्विस्ट दहा मिनिटं तिच्यासमोर टोपी काढून उभा होता. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पोरं घरात बसून आईबापांचा जीव खातात, म्हणून खास त्यांच्यासाठी त्याने हा सिनेमा मागवला होता. त्यात सहा बदकं, एक तळं आणि एक म्हातारं कासव होतं.

पाटी चर्चच्या शिष्टाचार समितीची होती. आमच्या नॉर्डबी गावात लागणारा प्रत्येक सिनेमा आदल्या दिवशी व्हर्नाबाई टोलेफसन एकट्या बसून पाहतात. उजव्या खिशात बोटाने दाबायचा एक काउंटर असतो, शिवी आली की एकदा दाबायचा. डाव्या खिशात तसलाच दुसरा, विणकामाच्या ओळी मोजायला, कारण रिकाम्या हाताने सिनेमा पाहणं बाईंना चैनबाजी वाटते. पूर्वी शिव्यांचा काउंटर लाल होता. तो शरद ऋतूत एका युद्धपटात कामी आला. दुकानात फक्त निळा शिल्लक होता, तेव्हा दोन्ही निळे झाले.

दुसऱ्या दिवशी समितीच्या चिटणीस आर्लिसबाई काउंटर घेऊन जातात आणि आकडा पाटीवर रंगवतात. एकोणीस वर्षांत त्या आकड्यावर कुणी शंका घेतली नव्हती. डेल्मरनेही घेतली नाही, फक्त चौकशी केली.

"तसं काही नाही हो, व्हर्नाबाई. पण त्यात बदकं आहेत."

"बदकांची संगत कशी आहे, त्यावर असतं, डेल्मर."

"तुम्हाला एखादी आठवतेय का?"

"एकही नाही. ऐकायची, दाबायची, विसरायची. आठवली असती, तर मी काम नीट केलं नाही असं झालं असतं."

नॉर्डबीत कुणी वाद घालत नाही. अगदीच सहन होईनासं झालं, तर माणूस म्हणतो, "वेगळं आहे हं." ओव्हनमध्ये करपलेली हॉटडिश, भाचीचे हिरवे केस, न आवडलेला जावई, सगळं याच तीन शब्दांत येतं. ज्याला हे ऐकावं लागतं तो पंधरा दिवस कुणाला तोंड दाखवत नाही. डेल्मर तेवढंही बोलला नाही. टोपी घालून घरी गेला.

मुलांना सिनेमा बंद झाला आणि मोठी माणसं यायला लागली. मुलांना नेमकं कशापासून जपायचं ते कळायला नको का? शुक्रवारी थिएटर इतकं भरलं की डेल्मरला चर्चच्या घडीच्या खुर्च्या न्याव्या लागल्या. हार्डवेअर दुकानाचा रॉजर बाक्के तीनदा जाऊन आला. पहिल्या खेपेला नीट कळत नाही, तिसऱ्यांदा स्पष्ट ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं होतं.

इकडे व्हर्नाबाई स्वेटर पुरा करत होत्या. पास्टर लुंडीन यांना गावात येऊन या रविवारी पंचवीस वर्षं होणार होती, त्यांच्यासाठी तो होता. डाव्या खिशातला काउंटर शून्य दाखवत होता. म्हणजे डाव्या बाहीची एकही ओळ झालेली नाही. बाहीकडे बघण्याचा त्यांच्या मनात विचारही आला नाही. आकड्यावर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता. त्यांनी मुकाट्याने सगळ्या ओळी विणल्या.

शनिवारी दुपारी बाह्या जोडल्या. उजवी मनगटापर्यंत आली. डावी गुडघ्यापर्यंत. बाईंनी जास्तीच्या ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या. चौसष्ट भरल्या. म्हणजे आर्लिसबाईंनी नेला तो ओळींचा काउंटर होता.

त्यांची कॉफी निवून गेली. गावातली दोन पिढ्यांची पोरं या आकड्यांवर वाढली होती. एक आकडा खोटा निघाला तर बाकीच्यांचं काय? पण खोटी पाटी दारावर ठेवून चर्चला जायचं हेही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. खूप भीती वाटत होती, तरी उद्या सगळ्यांसमोर सांगायचं असं त्यांनी ठरवलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी सुरू होती. व्हर्नाबाई उभ्या राहिल्या.

"मला एक कबुली द्यायची आहे. माझी चूक झाली. बदकांनी एकही शिवी दिलेली नाही."

"अगं, किती गं तुझं मन मोठं!" आर्लिसबाईंचे डोळे भरून आले. "बदकांनासुद्धा पाठीशी घालतेस."

"बाई, मी या कानांनी ऐकलंय," रॉजर म्हणाला. "तळं गोठतं ना, तेव्हा ते मोठं बदक जे बोलतं, ते मी आईसमोर सांगू शकत नाही."

"ते क्वॅक म्हणतं, रॉजर."

"पण कुणाला म्हणतं, ते बघा ना!"

"मी एकोणसत्तर मोजल्या," रॉजरची एक्याण्णव वर्षांची आई म्हणाली. "तुझ्या पाच सुटल्या, व्हर्ना. वयोमानाने होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस."

बाईंचा संयम सुटला. त्यांनी पिशवीतून स्वेटर ओढून काढला आणि डावी बाही सर्वांसमोर उंच धरली.

"हा घ्या पुरावा! त्या चौसष्ट इथे आहेत, या बाहीत!"

पास्टर लुंडीन मात्र हा आपला स्वेटर आहे एवढंच समजले. ते लगबगीने पुढे आले आणि त्यांनी तो तिथल्या तिथे अंगात घातला. उजवा हात बाहेर आला. डावा आला नाही. बाहीचं टोक टेबलावरच्या लिंबाच्या वड्यांवर जाऊन पडलं. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. पास्टरांनी बाही एकदा खालपर्यंत न्याहाळली आणि तोंडभर हसून म्हणाले,

"वेगळं आहे हं."

चमचे थांबले. आर्लिसबाईंनी तोंडावर हात ठेवला. रॉजरच्या आईला या खेपेला काही मोजावं लागलं नाही.

व्हर्नाबाईंनी खिशात हात घातला, काउंटर बाहेर काढला, त्याला आता बांधलेला लाल दोरा बघून तो शिव्यांचाच असल्याची खात्री केली आणि एकदा दाबला.

सोमवारी चर्चच्या दारावर आर्लिसबाईंच्या अक्षरात लाल पाटी लागली : 'शिव्या – एक. मुलांना आणू नये.' पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डेल्मरकडून खुर्च्या परत आणाव्या लागल्या.