तात्यांचा बर्फ

दिवाळी सरली की आमचे तात्या ओटीवर बसून दोन लांब फळ्यांना करंजेल चोळीत. फळ्या फणसाच्या, पुरुषभर लांब, पुढून होडीसारख्या उचललेल्या. नवखा माणूस विचारी, "कशाच्या हो ह्या?" तात्या शांतपणे सांगत, "बर्फावरून घसरायच्या." पोलादपुराच्या आसपास बर्फ नाही, हे त्यांना सांगायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

तात्या माझे चुलत सासरे. तरुणपणी ते मुंबईला एका गोऱ्या साहेबाकडे चाकरीला होते. एका थंडीत साहेब त्यांना गुलमर्गला घेऊन गेला. तिथे साहेब पायांना फळ्या बांधून, वाटेतल्या मडमांना चुकवीत, डोंगरावरून घसरे, आणि तात्या त्या फळ्या खांद्यावर घेऊन पुन्हा वर चढत. "महिनाभर चढलो," ते म्हणत, "घसरलो एकदा पण नाय." तेवढं घसरणं त्यांचं राहून गेलं होतं.

कोणी हसलं तर उत्तर ठरलेलं. "पडणं येगळं, घसरणं येगळं. पडणाऱ्याला ठावं नसतं, घसरणाऱ्याला असतं." वाळल्या गवताच्या उतारावर सराव करताना ते करवंदीच्या जाळीत शिरत, आणि तिथून, पाय वर असतानाही, हेच सांगत.

शेजारचा धोंडू त्यांच्याच वयाचा. तो विचारी, "तात्या, बर्फ असतो तरी कसा?"

"सावरीचा कापूस. पण गार."

"गार कापसावर घसरायला येवढ्या लांब? माझ्या गोठ्यात ये, शेणावरून घसर. नायतर महाबळेश्वर हाय की डोक्यावर."

"तिथं धुकं घसरतं धोंड्या, माणूस नाय."

घरात मराठी चौथी शिकलेली मी एकटीच. म्हणून प्रवासाची यादी माझ्याकडे. मी दाराआड बसून लिहीत असे, ते ओटीवरून सांगत. "सूनबाई, लिही. घोंगड्या चार. भाकऱ्या नव्वद. सुकट. नारळ एक, तिथल्या देवाला. त्या बिचाऱ्याला कोण देतंय. इरली दोन."

इरलं म्हणजे भातलावणीत पावसाचं डोक्यावर घ्यायचं, पानांचं. मी हळूच विचारलं, "इरली कशाला?"

"बर्फ वरून पडतो ना. भिजायचं काय?"

शेवटी माणसं. पहिलं नाव काकींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मग त्यांचं स्वतःचं.

काकी पाच वर्षांपूर्वी नदीवरून पाणी आणताना पडल्या आणि त्यांची कंबर कायमची गेली. उभं राहता येत नसे. त्यांना बसवायला तात्यांनी दोन फळ्यांवर आडवा बांधायचा एक पाट करून घेतला होता. काकी म्हणत, "माझं नाव खोडा. मला कुठं नेताय? एकटे जाऊन या, माझ्यापायी अडू नका." तात्या म्हणत, "देवाला विचारू."

आमच्याकडे मोठं काम कौल लावल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांब. पाच वर्षं तात्या देवळातून येत आणि सांगत, "डावा."

यंदा काकींनी मला जवळ बोलावलं. "तू पण जा गो देवळात. तू खोटं बोलत नायस. काय पडतं ते बघून ये."

मी गेले. पदर ओढून खांबामागे उभी राहिले. तात्यांनी हात जोडले, "देवा, एकट्यानं जाऊ काय?"

उजवी पाकळी पडली.

गुरव कंटाळून म्हणाला, "दरसाल उजवाच देतोय. आता जा तरी एकदा."

तात्यांनी पाकळी उचलून कपाळाला लावली. "देवाचं काय जातंय सांगायला. तिला कुशीवर वळवायला तो येणार हाय काय?"

परतताना ते पुढे, मी मागे. घराच्या पायरीशी ते थांबले आणि माझ्याकडे न बघता वहाणा झटकत राहिले. वहाणांना काही लागलेलं नव्हतं.

आत जाऊन म्हणाले, "डावा."

काकींनी माझ्याकडे बघितलं. "खरं गो?"

मी मान डोलावली. तोंडाने मला जमलं नसतं.

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "देव पण हट्टी हाय. बरं, फळ्या तरी काढा."

खळ्यात नवा पेंढा पसरला होता. तात्यांनी फळ्यांवर पाट बांधला, काकींना उचलून बसवलं, त्यांच्या डोक्यावर इरलं घातलं आणि दोर खांद्याला लावून ओढायला लागले. खळं तळहातासारखं सपाट. "घट्ट धर," ते धापा टाकीत म्हणाले, "उतार आला."

धोंडू कुडापाशी येऊन उभा राहिला. त्याची म्हैस खळ्याच्या मधोमध आडवी उभी होती.

"बेतानं हो," काकी इरल्याखालून म्हणाल्या, "समोर मडम हाय."