पांघरुणाखालचा रुग्ण

ढब्बू खोकला. एकदाच खोकला, आणि त्या खोकल्याबरोबर मोज्याचा एक लांबलचक धागाही बाहेर पडला. तरीही घरात हृदयरोगाचा शिरकाव झाला तो याच क्षणी, याबद्दल पुढे सर्वांचे एकमत झाले. धागा कचऱ्याच्या डब्यात गेला आणि कुत्रा हृदयरोगतज्ज्ञांकडे.

घरात माणसे चार. नाना, म्हणजे वजनमापे निरीक्षकाच्या पदावरून निवृत्त झालेले आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि नात. ढब्बू पाचवा, पण मोजदाद त्याच्यापासून सुरू व्हायची. नानांनी उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. मापात पाप नको, एवढे एकच तत्त्व त्यांनी पाळले आणि त्यापायी बाजारात एकही मित्र ठेवला नाही.

अलीकडे नानांनाही जिना चढताना धाप लागत असे. एकदा जेवताना त्यांनी तसे सांगितलेही होते.

"वय झालं ना आता, नाना," मुलगा म्हणाला होता, आणि विषय मिटला होता. म्हातारपणाचा हा मोठाच फायदा. कुठल्याही दुखण्याचे निदान घरच्या घरी, जेवता जेवता आणि फुकटात होते.

ढब्बूचे मात्र वय झालेले नव्हते, त्यामुळे त्याला तपासणे भाग होते. प्राणी हृदयोपचार केंद्रात मऊ गाद्या होत्या, मंद दिवे होते आणि भिंतीवर बरे झालेल्या मांजरांचे हसरे फोटो होते. डॉक्टरीणबाई ढब्बूसमोर चक्क जमिनीवर बसल्या. ढब्बू गुरगुरला, धापा टाकू लागला.

"गुरगुर फार आहे, त्यात हृदय ऐकूच येत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोनोग्राफी करावी लागेल. पण मशीनची तारीख महिन्याभरानंतरची आहे. तोवर घरी निरीक्षण करा."

निरीक्षणाचे नियम समन्वयक बाईंनी समजावले. कुत्र्यामांजरांचे हृदय थकले की झोपेतला श्वास वाढतो. म्हणून रुग्ण गाढ झोपला की एक मिनिट श्वास मोजायचे आणि मोबाइलवर केंद्राला कळवायचे.

"रुग्णाला हात लावायचा नाही, उठवायचं नाही, पांघरूणही काढायचं नाही," बाई म्हणाल्या. "ताण येतो त्यांना. पांघरूण किती वेळा वर-खाली होतं, तेवढं मोजायचं."

"रोज मोजायचं?" मुलाने विचारले.

"प्रेम असेल तर रोज."

मुलाने लगेच केंद्राचा नंबर मोबाइलमध्ये टाकून घेतला.

संध्याकाळी फिरून आल्यावर नाना डोक्यावरून पांघरूण घेऊन सोफ्यावर आडवे होत, आणि ढब्बू त्यांच्या पांघरुणात शिरून त्यांच्या गुडघ्यांमागे मुटकुळे करून झोपे. पहिल्याच संध्याकाळी ऑफिसातून आल्याबरोबर सूनबाई सोफ्याशेजारी गुडघे टेकून बसली. पांघरुणाचा एक भाग वर-खाली होत होता. तो ढब्बूचा, असे तिने गृहीत धरले. नानांच्या बाजूने काही हालचाल होईल अशी अपेक्षा नव्हती. मोजून झाल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. श्वास मर्यादेच्या कितीतरी वर होते.

केंद्राने तत्परतेने गोळ्या सुरू केल्या. अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढून टाकणाऱ्या, म्हणजे हृदयावरचा भार हलका होतो. भार हलका करायला ढब्बूला दिवसातून पुन्हा पुन्हा खाली न्यावे लागू लागले. मुलगा-सून ऑफिसात, नात कॉलेजात. राहिले कोण? नाना. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यातून हृदयरुग्णाने जिना चढायचा नाही, असा केंद्राचा सक्त नियम. म्हणून नाना ढब्बूला उचलून न्यायचे आणि उचलून आणायचे. ढब्बू नावाप्रमाणेच होता.

नानांची धाप वाढली. धाप वाढली तसे पांघरुणाखालचे श्वास वाढले. श्वास वाढले तशी केंद्राने गोळी वाढवली, आणि गोळी वाढली तशा नानांच्या खेपा वाढल्या. उपचारांना प्रतिसाद मिळत नसल्याची चिंता डॉक्टरीणबाईंनी दोनदा व्यक्त केली.

घराचा नूर मात्र पालटला. रुग्णाला ताण नको म्हणून टीव्ही बंद झाला. मुलगा आणि सून भांडण आले की गच्चीवर जाऊ लागले आणि गार वाऱ्याने बरेचदा न भांडताच परत येऊ लागले. ढब्बूला मोह नको म्हणून सगळ्यांच्याच जेवणातले मीठ कमी झाले. शेजारीपाजारी भेटायला येत, दारातच चपला काढून कुजबुजत, "कसं आहे आता?" नाना ढब्बूला घेऊन दाराशी धापा टाकत उभे असत. पाहुणे ढब्बूच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत, "किती थकलाय हो बिचारा!"

एके संध्याकाळी नानांना जरा लवकर जाग आली. डोळे मिटलेलेच होते. कानाजवळ सूनबाईचा हळुवार आवाज ऐकू आला. ती मोजत होती. कोणी मोजत असताना हलू नये, ही तराजूपाशी लागलेली सवय. नानांनी श्वास रोखून धरला.

"अहो, धावा! थांबला! श्वास थांबला त्याचा!" सूनबाई किंचाळली.

मुलगा साबणाचा फेस लागलेल्या चेहऱ्याने धावत आला, नात रडायला लागली. नानांनी घाईघाईने श्वास सोडला.

"आला, आला! परत आला!" सूनबाईने कपाळावरचा घाम पुसला आणि पांघरुणावरून, जे काही हाताला लागले त्यावरून, मायेने हात फिरवला. तो नानांचा खांदा होता.

नानांना सगळा उलगडा झाला. माप चुकीचे होते, आणि ते गेले तीन आठवडे त्यांच्याच पांघरुणात घडत होते. दुसऱ्या कोणाच्या दुकानात हे दिसते तर त्यांनी तराजू जप्त केला असता. पण ते बोलले नाहीत. खरे सांगायचे तर त्यांना फार बरे वाटत होते. बायको गेल्यापासून त्यांचा श्वास कोणी ऐकला नव्हता. आता रोज संध्याकाळी एक माणूस ऑफिसची पर्सही खाली न ठेवता त्यांच्याजवळ बसत होते आणि त्यांचा एकेक श्वास जिवापाड जपत होते. कोणाचा म्हणून जपत होते, हा तपशिलाचा भाग झाला.

पण ढब्बू पार सुकला. भांडेभर पाणी पिई, जमिनीवर लोळून राही, चेंडू समोर टाकला तरी नुसता बघे. एका दुपारी जिन्यात नाना त्याला घेऊन टेकले असताना त्याने त्यांच्या हातावर जीभ फिरवली, तीही कोरडी ठणठणीत. नानांना आपलीच लाज वाटली. सोनोग्राफीच्या दिवशी मीही येणार, असे त्यांनी घरात जाहीर केले.

केंद्रात त्यांच्या शेजारी एक बाई मांजराची परडी घेऊन बसल्या होत्या.

"मांजरांचं फार अवघड असतं हो," बाई म्हणाल्या. "हृदय पार थकलं तरी शेवटपर्यंत काही कळूच देत नाहीत. गप्प बसून राहतात एका कोपऱ्यात."

"विचारून बघितलंत का कधी?" नानांनी विचारले. बाई परडी घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिले, मोबाइलवरच्या नोंदींकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"हृदय तर अगदी पिल्लासारखं आहे," त्या म्हणाल्या. "आणि नोंदी अत्यवस्थ रुग्णाच्या. मशीन बिघडलं असणार."

मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावणे गेले.

"मशीन ठीक आहे," नाना म्हणाले. "नोंदीही ठीक आहेत. फक्त ते श्वास माझे आहेत."

"नाना, ही काय वेळ आहे का गंमत करायची?" मुलगा म्हणाला.

नानांनी सोफा, पांघरूण, गुडघे, सगळे सविस्तर सांगितले. मग सूनबाई म्हणाली, "म्हणजे महिनाभर त्याला फुकट गोळ्या? नाना, आधी सांगता नाही आलं तुम्हाला?"

डॉक्टरीणबाई मात्र नानांच्या पायांकडे बघत होत्या. "पाय कधीपासून सुजलेत तुमचे?"

हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता, त्यामुळे उत्तर द्यायला नानांना वेळ लागला. "झाले असतील चारेक महिने."

बाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप उचलला आणि हात मध्येच थांबवला. "मला तुम्हाला तपासता येत नाही हो. नियम आहे."

"कुत्रा समजून तपासा की. माझी काही हरकत नाही."

समन्वयक बाईंनी संगणकात बघितले. "प्रजातीत कुत्रा टाकता येईल," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पण मग जात विचारतंय. लॅब्रेडॉर, पामेरियन..."

"यांना आजच्या आज माणसांच्या दवाखान्यात न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज म्हणजे आज."

माणसांच्या दवाखान्यात मऊ गाद्या नव्हत्या. डॉक्टर जमिनीवर बसले नाहीत. त्यांनी मानही वर केली नाही. "काय होतंय?"

"धाप लागते. जिना चढताना, आणि आता झोपेतसुद्धा."

"वयोमानानुसार असतं ते. पुढच्या महिन्यात या, तपासण्या करू."

नाना उठायला लागले. पण सूनबाई उठली नाही. हे एक तिचे मानायलाच हवे. तिने मोबाइल टेबलावर सरकवला. "झोपेतले श्वास आहेत, डॉक्टर. रोजचे. मी मोजलेत."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच वर पाहिले. नोंदी बघता बघता ते खुर्चीत ताठ झाले. नानांना लगेच झोपवले, छातीला स्टेथोस्कोप लावला, मशीन मागवले, खाट मोकळी करायला सांगितली.

"इतकं बारीक लक्ष घरच्यांचं? नशीबवान आहात, आजोबा!" ते म्हणाले. "आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर अवघड होतं. पण इथे वर नाव ढब्बू का लिहिलंय?"

"लाडाचं नाव आहे," सूनबाई म्हणाली. नाना छताकडे बघत राहिले.

दहा दिवसांनी नाना घरी आले. पायांची सूज उतरली होती, आता जिन्याच्या वळणावर थांबून का होईना, पण चढता येत होते. गोळी तीच निघाली, ढब्बूची. उरलेल्या गोळ्या बघून मुलाला फार आनंद झाला. ढब्बू पुन्हा मोजे खाऊ लागला. रोज संध्याकाळी श्वास मोजत जा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पहिल्या दिवशी सूनबाईने मोजले. दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसातून यायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आता औषध सुरू आहे ना? मग झालं तर." टीव्ही सुरू झाला, जेवणात मीठ आले, गच्चीवरची भांडणे दिवाणखान्यात परतली.

पंधरवडा उलटल्यावर एका संध्याकाळी ढब्बूसह पांघरुणात पडले असताना नानांना पुन्हा छातीत जड वाटू लागले. त्यांनी मुलाला हाक मारली. "आलोच," मुलगा टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाला. त्यांनी नातीला हाक मारली. तिच्या कानात गाणी होती. नानांनी क्षणभर विचार केला. जन्मात कधी खोटे माप घातले नव्हते. मग त्यांनी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ढब्बूचा श्वास वाढल्यासारखा वाटतोय गं, सूनबाई."

टीव्ही बंद झाला. तिघेही धावत आले. एकाच्या हातात मोबाइल, एकीच्या हातात पाण्याचे भांडे, आणि सूनबाई गुडघे टेकून बसली आणि मोजू लागली. नानांनी डोळे मिटून घेतले.

हसलात, हरकत नाही. मोजायची रीत फार सोपी आहे. पलीकडच्या खोलीत कोणी झोपले असेल तर जाऊन एक मिनिट छातीकडे बघायचे. त्यासाठी घरात कुत्रा असलाच पाहिजे, असे नाही.